बांबूवर चढलेली अबेना

एकदा काय झालं, पार पश्चिमेला, कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर गोरे मालक उसाची शेती करायचे. करायचे कुठले! आफ्रिकेतून माणसं पकडून आणायचे आणि त्यांना राबवायचे. गुलाम म्हणायचे त्यांना.

त्यातलीच एक अबेना. मालकानं तिची लेक, एफुआ, दुसऱ्या मळ्यावर विकली. कुठल्या, ते कुणी सांगेना. आणि ऊस असा उंच, की पलीकडचं काही दिसू नये.

मग अबेनानं दोन बांबू तोडले, पायांना बांधले. दुपारी मुकादम पेंगला, तशी ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "एफुआ." तर बांबू हातभर वाढले, बरं का! तिचं डोकं उसाच्या वर निघालं. शेजारचा मळा दिसला. एफुआ नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारणींनी आपापल्या हरवलेल्यांची नावं घेतली. बांबू ताडाएवढे झाले. डोंगरापर्यंतचे सगळे मळे दिसले. एफुआ नव्हती.

तिसऱ्या दिवशी अख्ख्या मळ्यानं नावं घेतली. मेलेल्यांची, विकलेल्यांची, समुद्रात फेकलेल्यांची. अबेना ढगाला टेकली. मग डोंगरापलीकडे, उसाच्या घाण्यावर, एफुआ दिसली. आणि आणखीही काही दिसलं.

"अरे, मालकांची घरं सतराच आहेत!" ती वरून ओरडली.

"आणि आपली खोपटं?" म्हाताऱ्या क्वामिनानं खालून विचारलं.

"मोजता येत नाहीत!"

त्या आवाजानं मुकादम जागा झाला. त्यानं कुऱ्हाडीनं बांबू तोडले. अबेना पडली, पाय मोडला. पण तिचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं. मग मळ्यामळ्यावर शंख वाजले, ऊस पेटला, लढाई झाली. पुष्कळ माणसं मेली. क्वामिनाही मेला. उरलेले मालक जहाजात बसून गेले, ते गेलेच.

मग डोंगर उतरून एफुआ आली.

"आई, तू लंगडतेस?"

"उंचावरून पडले," अबेना म्हणाली, आणि मग रडली.

तेव्हापासून दरवर्षी तिथली तरणी माणसं पायांना बांबू बांधून, लांब रंगीत झगे घालून गावभर चालतात, गेलेल्यांची नावं घेत. बांबू आता वाढत नाहीत. नावं मात्र घेतातच. अबेना पार म्हातारी झाली, तरी खुर्चीत बसून उकडलेलं रताळं खात ओरडायची, "पायाकडे नको बघूस, समोर बघ!"

मायलेकी पुढं एकाच खोपटात सुखानं राहिल्या. आणि एकाच पांघरुणात निजायच्या. चला, घ्या पाहू तुमचंही ओढून. मिटा डोळे.