खिडकीत बसलेले हत्ती

संगणक ट्रंकेएवढे असायचे, तेव्हाची गोष्ट. एका वाचनालयात दगडोबा नावाचा म्हातारा संगणक राहायचा. एकदा त्याच्याकडे युद्धाचा एक खेळ आला, सोबत हजार हत्ती.

“आत जागा नाही रे बाबा,” दगडोबा म्हणाला.

“आत कशाला? ब्राउझरच्या खिडकीत बसून खेळतो की!” खेळातला सेनापती म्हणाला.

दगडोबा पडला भिडस्त. त्यानं मान डोलावली. हत्ती खिडकीत चढले, तसा त्याचा पंखा घरघरू लागला, अंग तापलं.

“अहो, खिडकीत बसलात तरी भार माझ्याच भिंतींवर!” तो कण्हला.

सेनापती गरजला, “चढाई!”

हत्तींनी एकेक पाय उचलला आणि सगळे तसेच थिजले.

“दगडोबा, निदान पाय तरी खाली टेकवू द्या!” सेनापती गयावया करू लागला.

“टेकवतो हं,” दगडोबा धापा टाकत म्हणाला, “उद्यापर्यंत एकाचा टेकवतो.”