चिमाची लाटांची सुरी

शेवंतीमावशीच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या पिंपामागे, एक चिचुंद्री राहायची. नाव तिचं चिमा. एवढुसं नाक, एवढुशी शेपटी, पण तोरा मात्र हाऽऽ एवढा! कारण चिमाकडे होती एक सुरी.

चिंचोक्याएवढी सुरी. उघडली की टिक्! मिटली की टक्क! पोलादाचं पातं, आणि पात्यावर लाटाच लाटा. चिमा दिवसभर सुरी उघडायची, लाटा बघायची, सुरी मिटायची. टिक् टक्क, टिक् टक्क. शेजारची पाल अगदी वैतागून गेली होती.

एकदा चिमाने सुरीने गूळ कापला. मग सुरी पुसली का? नाही पुसली. तशीच मिटली. टक्क!

दुसऱ्या दिवशी चिमाला सापडलं एक बोर. लालचुटुक! चिमाने ऐटीत सुरी काढली. पण टिक् नाही नि फिक् नाही.

सुरी म्हणाली, "मी नाही उघडणार. गुळाने चिकटलेय. आधी मला तेल लाव."

निघाली चिमा. लुटुलुटु लुटुलुटु. फळीवर होती खोबरेल तेलाची वाटी.

"तेला, तेला, चल ना! सुरी उघडेना. मी बोर कसं कापू?"

"मी नाही येणार," तेल म्हणालं. "थंडी किती पडलीय! दगड झालाय माझा. आधी ऊन आण."

निघाली चिमा. लुटुलुटु लुटुलुटु. दारात पडलं होतं ऊन.

"उन्हा, उन्हा, हल ना! तेल वितळेना, सुरी उघडेना. मी बोर कसं कापू?"

"मी नाही हलणार," ऊन म्हणालं. "माझ्यावर मांजर बसलंय. आधी मांजर उठव."

मग चिमा मांजराकडे वळली. भीती? छे! चिचुंद्रीला कोण खातंय?

"मांजरा, मांजरा, ऊठ ना! ऊन हलेना, तेल वितळेना, सुरी उघडेना. मी बोर कसं कापू?"

"मी नाही उठणार," मांजर म्हणालं. "आणि जरा लांब उभी राहा. वास येतो तुझा. आधी दूध उतू जाऊ दे."

निघाली चिमा. लुटुलुटु लुटुलुटु. चुलीवर होतं दुधाचं पातेलं.

"दुधा, दुधा, उतू जा ना! मांजर उठेना, ऊन हलेना, तेल वितळेना, सुरी उघडेना. मी बोर कसं कापू?"

"मी नाही उतू जाणार," दूध म्हणालं. "खाली चूल विझलीय. आधी मावशीला फुंकायला सांग."

निघाली चिमा. लुटुलुटु लुटुलुटु. शेवंतीमावशी बसली होती कपाळाला हात लावून. मांडीवर फुंकणी. लांबलचक नळी!

"मावशी, मावशी, फुंक ना! दूध उतू जाईना, मांजर उठेना, ऊन हलेना, तेल वितळेना, सुरी उघडेना. मी बोर कसं कापू?"

"फुंकू कशी गो बाय?" मावशी म्हणाली. "फुंकणीत कुंभारीण शिरलीय. आधी तिला घालव."

कुंभारीण म्हणजे मातीचं घर बांधणारी माशी. नळीतून तिचं नुसतं डोकं दिसत होतं.

"कुंभारणी, कुंभारणी, नीघ ना! मावशी फुंकेना, दूध उतू जाईना, मांजर उठेना, ऊन हलेना, तेल वितळेना, सुरी उघडेना. मी बोर कसं कापू?"

"मी नाही निघणार," कुंभारीण म्हणाली. "घर बांधतेय. भिंतीवर नक्षी हवी, आणि मला काही सुचतच नाही. तुझ्या सुरीवर नक्षी आहे म्हणे! आधी ती दाखव."

"पण सुरी उघडेना!"

"मग मी नाही निघणार."

आता कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नव्हतं! चिमाची लाडकी सुरी, आणि सगळ्या लाटा आत कोंडलेल्या. चिमाला फार फार वाईट वाटलं. सुरी पोटाशी धरून तिने भोकाड पसरलं. भ्यांऽऽ!

टप टप टप. कोमट कोमट आसवं सुरीवर पडली. गूळ भिजला. गूळ विरघळला. आणि...

टिक्!

"अगंबाई, लाटाच लाटा!" कुंभारीण म्हणाली. "पण एवढ्या लाटा या नळीत मावायच्या कशा? मला मोठी भिंत हवी." घूंऽऽ करून ती उडालीसुद्धा.

तेवढ्यात सुरी ओरडली, "भिजवलंस ना मला! आता मी गंजणार! तेल कुठाय, तेल?"

कुंभारीण निघाली, मावशीने फुंकलं. फू फू फू!

मावशीने फुंकलं, दूध उतू गेलं. फस्स! "अगो बाय, दूध गेलं!"

दूध उतू गेलं, मांजर उठलं. लपलप लपलप.

मांजर उठलं, ऊन हललं. सरसर सरसर, थेट फळीवर!

ऊन हललं, तेल वितळलं. डुबुक!

तेल वितळलं, सुरीला लागलं. टिक् टक्क, टिक् टक्क! लाटा अशा चमकल्या, अशा चमकल्या, की चिमा बघतच राहिली.

मग तिने बोर पुढ्यात ओढलं. सुरी उचलली. आणि थांबली. बोर किती चिकट! सुरी किती चकचकीत!

"काप ना गो आता!" मावशी म्हणाली.

"छे! खराब होईल ना!" चिमा म्हणाली.

टक्क! सुरी मिटली. चिमाने बोराला दात लावले. कुरुम कुरुम कुरुम.

बोर गेलं चिमाच्या पोटात, गोष्ट आली तुमच्या कानात.