भागोजी कयाक शिकतो

धरणाच्या पायथ्याशी पाणसोंड नावाचं गाव होतं आणि त्या गावात भागोजी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती? किराणा दुकानात कामाला होता तेव्हा मालक म्हणाला, "जाताना दार ओढून घे." भागोजीनं ओढलं. बिजागरीसकट निघालं. मग ते डोक्यावर घेऊन घरी आला. त्याची सातवी नोकरी गेली ती अशी.

धरणातून रोज सकाळी पाणी सोडत. मग दुपारपर्यंत नदी खवळलेली असायची. गावातले लोक तेव्हा नदीपासून लांब राहत. शहरातले लोक मात्र मुद्दाम सुट्टी काढून तिच्यात पडायला येत. म्हणून गावापासून थोडं पुढे, काठावर एक जलक्रीडा केंद्र निघालं. तिथल्या शाल्मलीताईंना गावातला एक माणूस हवा होता. काम एवढंच, की कयाक नावाच्या चिंचोळ्या होडीत बसायचं आणि वाहून जाणाऱ्यांना बाहेर काढायचं. भागोजीला पोहायला उत्तम यायचं. ताईंनी त्याला घेतलं. उद्घाटनापर्यंत नीट शिकला तर कायमची नोकरी.

आई म्हणाली, "भागोजी, ही आठवी. ताई सांगतील तेवढंच कर. स्वतःचं डोकं लावू नकोस."

"नाही लावणार," भागोजी म्हणाला. आणि त्यानं लावलं नाही.

पहिल्या दिवशी ताई म्हणाल्या, "हे वल्हं म्हणजे तुझा जीव. काही झालं तरी हातातून सोडायचं नाही."

भागोजी वल्हं घेऊन घरी गेला. दोन्ही हातांत वल्हं, मग जेवणार कसा? आईनं भरवलं. दुसऱ्या दिवशी तो वल्ह्यासकट एसटीत चढला. डावीकडे वळला, कंडक्टरची टोपी उडाली. माफी मागायला उजवीकडे वळला, मास्तरांचा चष्मा उडाला. लोकांनी त्याला मधल्याच थांब्यावर उतरवलं.

"चुकलं, ताई," भागोजी म्हणाला. "पुढच्या वेळी कसं करू?"

"अरे बाबा, वल्हं पाण्यात धरायचं. जमिनीला टेकलास की खाली ठेवायचं."

भागोजीनं ते दिवसभर घोकलं. दुसऱ्या दिवशी ऐन धारेत त्याची कयाक वाळूच्या उंचवट्याला घासली. जमीन लागली! भागोजीनं वल्हं वाळूवर व्यवस्थित आडवं ठेवलं. तेवढ्यात पाण्यानं कयाक पुढे ढकलली. वल्हं तिथंच राहिलं, भागोजी निघाला. समोर खडक आला, तसा तो घाबरून मागे सरला आणि कयाक उलटली. ताईंनी त्याला जॅकेटला धरून बाहेर ओढला.

"चुकलं, ताई. पुढच्या वेळी कसं करू?"

ताई धापा टाकत होत्या. "आडवं काही आलं की मागे सरायचं नाही. त्याच्याकडे झुकायचं, चक्क मिठी मारायची. आणि तरी उलटलास, तर श्वास रोखायचा, वर आलेल्या बुडावर तीन थापा मारायच्या. मी येते."

संध्याकाळी घरी जाताना वाटेत पाटलांची म्हैस आडवी आली. नुकतीच व्यायली होती. भागोजी मागे सरला नाही. तो झुकला. त्यानं चक्क मिठी मारली. म्हशीनं त्याला शिंगांवर घेऊन शेजारच्या चिखलात उलटा टाकला. भागोजीनं श्वास रोखला, मागं हात नेला आणि स्वतःच्या बुडावर तीन थापा मारल्या. ताई आल्या नाहीत. म्हशीनं पुन्हा उचलला. त्यानं पुन्हा तीन थापा मारल्या. असं बराच वेळ चाललं.

सकाळी ताईंनी त्याच्या कपाळाला पट्टी बांधली.

"चुकलं, ताई. पुढच्या वेळी कसं करू?"

"तुझ्या हाताला आता थापांचं कामच नको," ताई म्हणाल्या. "उद्या उद्घाटन. तू फक्त दुसऱ्यांकडे लक्ष ठेव. कोणी हात वर करून हलवला, की समज बुडतोय. विचारत बसू नकोस. दोरी फेक, त्यानं धरली की ओढ. आणि कोणी डोक्याला हात लावला, तर समज तो ठीक आहे. त्याला सोडून पुढच्याकडे बघायचं."

"कोणीही असला तरी?"

"मंत्री असला तरी!"

उद्घाटनाला मंत्रीच आले. आबासाहेब. या जागी ते तिसऱ्यांदा उद्घाटन करत होते. आधी पुलाचं केलं, मग बंधाऱ्याचं. दोन्ही वाहून गेले होते. व्यासपीठ अगदी पाण्याला लागून बांधलं होतं. आबासाहेबांनी फोटोसाठी झब्ब्यावर लाइफ जॅकेट चढवलं होतं. पहिल्या रांगेत भागोजीची आई नवं लुगडं नेसून बसली होती. खाली पाण्यात कयाकमध्ये भागोजी दोरी घेऊन तयार होता.

बँड वाजला. आबासाहेब कडेला आले आणि त्यांनी लोकांकडे बघून हात हलवला.

भागोजीनं ते पाहिलं. केवढा मोठा माणूस, आणि कोणाचंच लक्ष नाही! उलट सगळे टाळ्या वाजवतायत! त्यानं विचारत न बसता दोरी फेकली. आबासाहेबांना वाटलं, हार आला. त्यांनी झेलला. भागोजीनं ओढलं. हाती आलेली वस्तू सोडायची आबासाहेबांना मुळीच सवय नव्हती. ते दोरीसकट नदीत आले.

जॅकेटमुळे ते तरंगले. टोपी वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरलं.

"साहेब ठीक आहेत," भागोजी समाधानानं म्हणाला. त्यानं दोरी सोडवून घेतली आणि आबासाहेबांना धारेबरोबर जाऊ दिलं.

मग त्यानं पुढच्याकडे बघितलं. काठावर सरपंच, अधिकारी, बँडवाले, सगळा गाव उभा होता आणि सगळेच्या सगळे जिवाच्या आकांतानं हात हलवत होते. सर्वांत पुढे शाल्मलीताई दोन्ही हात हलवत होत्या.

"अरे देवा, ताईसुद्धा!" भागोजी ओरडला. "घाबरू नका, आलोच!" आणि त्यानं दोरी फेकली.

धरणाचं पाणी बंद होईपर्यंत भागोजीनं अकरा जणांना नदीत ओढून वाचवलं. आईला तेवढं वाचवायची वेळ आली नाही. ती मघापासून डोक्याला हात लावून बसली होती.