लतीफला विचारा

“म्हणजे गांजा ही पहिली पायरी नव्हे, असं म्हणायचंय तुम्हाला?”

करीमशहा फकिरांनी मान वर केली नाही. आपल्या तकियाच्या, फकिरांच्या त्या मठीच्या, ओट्यावर बसून ते मेथी निवडत होते.

“मी अजून काही म्हटलंच नाही, साहेब.”

विचारणारे होते फौजदार विनायक निकुंभ. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या तालुक्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. डोंगरात कपाशीआड, तुरीआड लपवलेला गांजा त्यांनी शोधून शोधून उपटला होता. जळत्या ढिगाशेजारी उभे असलेले त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत आले होते. कॉलेजांतून त्यांना भाषणाला बोलवत. आज गांजा ओढणारा उद्या गर्दवर, म्हणजे हेरॉइनच्या पुडीवर, जातोच, असं ते तिथे सांगत. पोरं टाळ्या वाजवत.

या तकियातही ते मागच्या हिवाळ्यात येऊन गेले होते. तेव्हा अंगावर वर्दी होती, मागे शिपाई होते. संध्याकाळी इथे दोन-चार माणसं जमायची, चिलीम फिरायची. फौजदारांनी चिलमी फोडल्या, मागच्या अंगणातली झाडं उपटली, जमलेल्यांना दम भरला. करीमशहांनी तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं.

आज फौजदार साध्या कपड्यांत आले होते. एकटेच. दाढी वाढलेली होती.

“बसा,” करीमशहा म्हणाले.

ते बसले नाहीत.

“तुम्ही जन्मभर चिलीम ओढलीत. गर्दला कधी हात लावलात?”

“नाही.”

“का?”

करीमशहांनी थोडा विचार केला. “कुणी समोर धरली नाही. मागावीशी वाटली नाही... वाटली असती तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही.”

“आणि इथे येणारे बाकीचे?”

करीमशहांनी वामन महाजनांचं सांगितलं. त्यांची पेठेत पिठाची गिरणी. ऐन तारुण्यापासून इथे येत होते. पुढे नातवंडं झाली, आणि चिलीम कधी सुटली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“आणि लतीफ?”

करीमशहांचे हात थांबले.

लतीफ त्यांचा शिष्य. तकिया झाडायचा, पाणी भरायचा, गळा गोड होता. हिवाळ्यातल्या त्या धाडीनंतर इथली चिलीम बंद झाली, तसा तो हायवेकडे जाऊ लागला. तिथे एका बंद पडलेल्या ढाब्यामागे एक माणूस उभा असे. तो म्हणाला, गांजा आता येत नाही. त्याची पोती होतात, वास सुटतो, वाटेत पकडतात. हे घे, मुठीत मावतं.

करीमशहांनी हे तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. आवाजात राग नव्हता. उन्हाळ्यात लतीफ पुलाखाली सापडला, एवढं सांगून ते थांबले.

“म्हणजे दोष माझा,” फौजदार म्हणाले. “माझ्या धाडीचा.”

“पहिली चिलीम त्याच्या हातात मी दिली होती, साहेब.”

फौजदार ओट्याच्या कडेला टेकले.

“मला एकच सांगा, बाबा. त्याला गांजानं नेलं, की बंदीनं?”

करीमशहा गुडघ्यावर हात देऊन उठले. तकियाला वळसा घालून मागे गेले. फौजदार त्यांच्यामागून गेले. लिंबाच्या सावलीत एक कबर होती. वरची माती अजून पुरती बसली नव्हती.

“याला विचारा.”

“...थट्टा करताय?”

“थट्टा करायचं त्राण राहिलं नाही. त्या वाटेनं मी गेलो नाही, तुम्हीही गेला नाहीत. हा गेला होता.”

फौजदार कबरीकडे बघत उभे राहिले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. ते बोलू लागले ते कोणाकडेही न बघता.

धाकट्या भावाबद्दल बोलत होते. मुकुंद. आईवडील लवकर गेले, त्याला यांनीच वाढवला. यांच्या भाषणाला तो पहिल्या रांगेत बसायचा. परवा शेजारच्या ठाण्यातल्या लोकांनी त्याला पुडीसकट पकडलं आणि ओळख निघाली म्हणून गुपचूप घरी आणून सोडलं. घरी आल्यावर फौजदारांनी त्याच्या बाह्या वर केल्या, तेव्हा त्यांना सुयांचे व्रण दिसले.

“मारलं मी त्याला,” ते म्हणाले. “विचारलं, कधीपासून. तर म्हणाला, दादा, गांजा ओढत होतो तेव्हाच तुला सांगणार होतो. तुझ्या भीतीनं नाही सांगितलं...”

“पुढे?”

“म्हणाला, गर्द सुरू झाल्यावर सांगण्यासारखं काही उरलंच नाही.”

करीमशहांनी डोळे मिटून घेतले.

“डॉक्टर?” त्यांनी विचारलं.

“बोलावला नाही. गावभर बभ्रा होईल. निकुंभाचा भाऊ गर्दुल्ला...” फौजदारांना तो शब्द पुरा करताना कष्ट पडले. “अंग फुटतंय त्याचं. ओकाऱ्या होतात. सारखा ओरडत होता. मघाशी जरा शांत झाला, म्हणून आलो.”

“कुठे आहे तो?”

“घरीच. माडीवरच्या खोलीत. बाहेरून कुलूप घातलंय. दाराशी शिपाई बसवलाय, खिडकीखाली दुसरा उभा केलाय.” ते थोडे ताठ झाले, रोजच्या सवयीनं. “आता त्याच्यापर्यंत काही पोचायचं नाही.”

करीमशहा त्यांच्याकडे पाहत राहिले. थकलेल्या माणसानं थकलेल्या माणसाकडे पाहावं तसे.

“बाहेरचा बंदोबस्त कळला, साहेब,” ते म्हणाले. “आत त्याच्याजवळ कोण आहे?”