खैरडोहचा भोकांचा दगड

मंडळी, बसा, आणि आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. आमच्या चौकात दोन स्मारकं शेजारी शेजारी आहेत. हा घोड्यावरचा तलवारवाला. खाली संगमरवरी पाटी, 'पेंढाऱ्यांशी झुंजताना धारातीर्थी पडलेले बेचाळीस वीर'. आणि हा घोड्याच्या पायाशी आडवा पडलेला काळा दगड, चाळणीसारखा भोकाभोकांचा. त्याच्यावर एक अक्षर नाही. दोघं एकाच दिवसाबद्दल बोलतात आणि दोघांचं म्हणणं जुळत नाही. यातल्या कोणावर विश्वास ठेवाल?

घोडा बसवून नऊ वर्षं झाली. वर्गणी मीही दिली, खोटं कशाला सांगू. चौकात भुसार दुकान चालवणाऱ्याला तरुण मंडळाला नाही म्हणता येत नाही. शिक्षण माझं चौथीपर्यंत. पण पोत्याच्या तोंडाशी दाणा नेहमीच चांगला असतो, एवढं धंद्यानं शिकवलं. तेव्हा तळाचं काय ते सांगतो, माझ्या आजोबांनी सांगितलं तसं.

पेशवाईच्या अखेरच्या दिवसांतली गोष्ट. पेंढाऱ्यांच्या टोळ्या मुलखात फिरत होत्या. लपवलेलं धान्य कुठे आहे हे कबूल करवायला माणसांच्या तोंडाला गरम राखेचे तोबरे बांधत, असं सांगतात. धान्य लपवायला आमच्या या खैरडोह गावात पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं खोल कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट ऐसपैस. धारराव पाटलांचं पेव सगळ्यांत मोठं. त्या वर्षी पीक बुडालं होतं, म्हणून ते रिकामं पडलं होतं.

पौषातल्या एका सकाळी पूर्वेकडे धूळ दिसली. बाप्ये गुरं घेऊन दरीत पळाले. बायका, पोरं, म्हातारी माणसं उरली, त्यांना पाटलांनी पेवात उतरवलं. त्यांची सून ठकाई आधी उतरली, कारण मोठ्या घरची बाई उतरल्याशिवाय बाकीच्या उतरेनात. महारवाड्यातल्या बायका त्याच शिडीनं गेल्या. विटाळ त्या दिवशी कोणाला आठवला नाही. गोंदा पाथरवटाची बायको भागा दोन मुलींना घेऊन सगळ्यांत शेवटी गेली.

आता पेव झाकायची रीत ऐका. तोंडावर दगड बसवायचा, कडेनं चिखल थापायचा, वर शेणानं सारवायचं आणि त्यावर भुसा पसरायचा. हवा लागली की दाण्याला कीड धरते, म्हणून केसाएवढी फट ठेवायची नाही. गावाच्या हातांना ही रीत पिढ्यान्पिढ्यांची. पाटलांनी दगड ओढला, गोंदानं माती मळली, आणि दोघांनी ती जोंधळ्यावर थापतात तशीच नीट थापली. रिकामं पेव दिवसभर उघडं ठेवायचं, आत दिवा सोडून तो जळत राहतो का बघायचं आणि मगच माणसानं उतरायचं, हेही दोघांना पाठ होतं. घाईत ते राहून गेलं. मग दोघं डोंगराच्या कपारीत जाऊन वाटेवर डोळे लावून बसले.

पेंढारी आलेच नाहीत. धूळ खिंडीपर्यंत आली आणि नदीपलीकडच्या गावाकडे वळली. ते फिरून येतील या भीतीनं पाटलांनी दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत झाकणाला हात लावू दिला नाही. उघडलं तेव्हा हाकेला ओ आली नाही. दिवा सोडला, तो दोन हात खाली जाताच विझला. शिडीच्या वरच्या पायरीवर भागा होती. तिच्या नखांत माती होती, म्हणे.

आतून बेचाळीस जणांना बाहेर काढलं.

पुढे सरकारातून हुकूम आला की ज्या गावानं पेंढाऱ्यांशी झुंज दिली असेल त्याला चार वर्षं सारा माफ. झुंजीची खूण म्हणून वीरगळ उभारावा, कारकून येऊन पाहून जाईल. गावात बियाणं उरलं नव्हतं. पाटलांनी गावची बैठक बोलावली आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं, आपले बेचाळीस लढून पडले. त्यांना लबाड म्हणू नका. मागे राहिलेल्यांना पोट होतं. वीरगळ कोरायचं काम अर्थातच गोंदाकडे आलं. त्यानं नाही म्हटलं नाही. दगड मात्र मी निवडीन, एवढंच बोलला. वीस दिवस त्यानं ताटीआड छिन्नी चालवली.

कारकून आला तेव्हा ताटी काढली. तलवार नाही, ढाल नाही. पेवाचं झाकण, आणि त्याला आरपार पाडलेली भोकं.

गर्दीतून कोणी म्हणालं, "गोंद्या, पोरांच्या तोंडचा घास काढलास की रे." कारकुनानं भोकं मोजली, ती त्रेचाळीस भरली. त्याच्या कागदावर आकडा बेचाळीसचा. पाटलांना त्यात निसटायची वाट दिसली. बायको गेल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही, दुसरा दगड करवून घेतो, असं ते कारकुनाला सांगू लागले, आणि गोंदाकडे वळून खेकसले, "तुला मोजताही येईना होय? हे एक जास्तीचं कोणाचं?"

गोंदा हळूच म्हणाला, "पाटील, तुमच्या सूनबाईंना सातवा महिना चालू होता."

पाटील तिथंच खाली बसले. मग कारकुनाला म्हणाले, "लिहा. पेंढारी आले नव्हते. झाकण मी लावलं."

"माती मी मळली," गोंदा म्हणाला. "तेही लिहा."

सारा माफ झाला नाही. चार वर्षांत अर्धं गाव उठून गेलं. लोकांनी पाटलांना माफ केलं, गोंदाला केलं नाही. जात्याला टाकी लावायलासुद्धा त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही, आणि तो भुकेनंच गेला, म्हणे. दगड दोनदा डोहात ढकलला गेला, दोनदा कोणीतरी गुपचूप वर काढला. एकदा तर भोकांत चुना भरला होता. आता पंचायतीत ठराव आलाय, दगड हलवा म्हणून. घोड्याच्या फोटोत मध्ये येतो.

आजही पौष वद्य नवमीला घराघरातून एक माणूस तुराटीची काडी घेऊन येतं आणि आपल्या माणसाचं भोक साफ करतं. कुंभारमाशी वर्षभरात त्यात मातीची घरं करते, ती काढावी लागतात. पाटलांकडचे दोन भोकं साफ करतात. ज्यांचं मागे कोणी नाही त्यांची ज्याला सवड असेल तो करतो. त्याच हातांनी मग घोड्याला हारही घालतात. माणसाचं असंच असतं.

तुम्ही फिरस्ती माणसं, ही गोष्ट चार गावांत सांगाल. सांगताना हिशेब चोख ठेवा, एवढीच विनंती. पेंढाऱ्यांच्या खात्यावर नदीपलीकडचं गाव आहे, ते तिथंच राहू द्या. हे त्रेचाळीस जीव त्यांच्यावर घालू नका. हे आमच्या नावावर मांडा.