अबोलीचा झेंडू

लॅपटॉप बोलायचे, तेव्हाची गोष्ट. कुडाळच्या एका दुकानात दोन लॅपटॉप शेजारी-शेजारी बसले होते. एक चकचकीत, सडपातळ. दुसरा करडा, जाडजूड.

“तुला कोण घेणार रे, पोळपाटा?” सडपातळ रोज चिडवायचा. कुणाच्या तरी घरी जायचं तर जाड्यालाही होतं.

एके दिवशी चित्रकलेच्या कॉलेजात निघालेली शाल्मली आत्याला घेऊन आली.

“मला घे! तुझी चित्रं अशी खुलवीन, की सगळा वर्ग बघत राहील!” सडपातळ ओरडला. शाल्मली केवढी तरी दचकली. तरी तिने पेनड्राइव्ह काढला आणि आपलं एकच चित्र दोघांच्याही पडद्यावर उघडलं. चित्रात अबोलीचा गजरा होता. मग आत्याच्या अंबाड्यातला खराखुरा गजरा काढून तिने शेजारी धरला.

सडपातळाने रंग भडकवून अबोलीचा पार झेंडू करून टाकला होता. जाड्याच्या पडद्यावर मात्र अबोलीच होती, तशीच फिकट.

“झेंडू उठून दिसतो, वेडे!” सडपातळ म्हणाला.

“दिसू दे. मी अबोली काढलीय.” शाल्मलीने जाड्याकडे बोट केलं.

“अगं, खांदा मोडेल तुझा,” आत्या म्हणाली.

“मोडू दे, आत्या.”

स्टँडच्या वाटेवर सॅकमधून हळूच आवाज आला, “मी फार जड आहे का गं?”

“आहेस,” शाल्मली म्हणाली. तिने सॅक दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि ती चालत राहिली.