टिकारामचं लायसन

सावळी गावात टिकाराम नावाचा एक भोळा पोरगा राहायचा. सांगितलं की करायचा. विचार करायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तेवढा करत नसे.

अठरा पुरी झाली, लायसन आलं. त्याच्या बाबांनी, दशरथरावांनी, जीपची किल्ली दिली. म्हणाले, "जनावर दिसलं की थांब. ते गेल्याशिवाय हलू नको."

"बरं."

वाटेत कडेला म्हैस बसली होती. टिकाराम थांबला. म्हैस खुंट्याला बांधलेली. संध्याकाळी मालकानं ती सोडून नेली, तेव्हा हा घरी आला.

"बावळटा, अशा वेळी हॉर्न वाजवत निघून जायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी समोर प्रेतयात्रा. टिकारामनं हॉर्न दाबला तो स्मशान मागं पडेपर्यंत सोडला नाही. खांदेकऱ्यांनी तिरडीसकट ओढ्यात उडी घेतली.

बाबांनी कपाळ बडवलं. "येड्या, माणसं दिसली की खाली उतरावं, हात जोडावेत, चार पावलं सोबत चालावं!"

"बरं."

बाजाराला जाताना उतारावर माणसं दिसली. टिकाराम उतरला, हात जोडून चालू लागला. जीपही चालू लागली. माणसं ओरडत बाजूला झाली आणि जीप कडब्याच्या गंजीत घुसली.

तेव्हा माय भडकली. "नुसतं काय ओरडता? शेजारी बसवून दाखवा. तुमचं बघूनच शिकेल ना तो!"

बाबांनी शेजारी बसवलं. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्यानं फोन कानाला. सीटचा पट्टा खांद्यामागं लोंबत होता. चौक आला तसा त्यांनी फोन टाकला, घाईघाईनं पट्टा ओढला. चौक सरताच काढला.

"बघितलंस? पोलीस दिसला की पट्टा बांधायचा."

"कायम नाही?"

"कायम कशाला? पोलीस दिसला की बांधायचा!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी टिकाराम एकटाच निघाला. चौकात जाडजूड हवालदार उभा होता. टिकारामनं जीप थांबवून दार उघडलं. "बसा साहेब."

हवालदाराला सावळीकडंच जायचं होतं. तो बसला. टिकारामनं त्याला पट्टा बांधला.

"गुणी पोरगा," हवालदार म्हणाला.

घर आलं. पट्टा काही सुटेना. त्या बाजूचा कधी कुणी वापरलाच नव्हता, खटका गंजलेला. हवालदार लालबुंद झाला, शिट्टी फुंकू लागला. बाबा धावत बाहेर आले.

"टिक्या! हे काय केलंस?"

"पोलीस दिसला, बांधला," टिकाराम घाम पुसत म्हणाला. "बाबा, चौकात अजून दोघं आहेत. जरा दोरी द्या ना."